सहाच्या बातम्या

ब्रेकन, नॉर्थ डकोटा
४ जानेवारी २०१८

प्रिय व्हर्लिन,

नाताळात तू पाठवलेला हॅम पोचला. आई म्हणाली, "खारट आहे," आणि तीन दिवसांत संपवला. तेव्हा आभार.

आता कामाचं. एक तारखेला संध्याकाळी सहाला आईनं टीव्ही लावला, तर चॅनेल अकरा गायब. नुसता निळा पडदा आणि त्यावर तुमच्या प्रेअरीव्ह्यू डिश कंपनीचं निवेदन: चॅनेलवाले अवाच्या सवा पैसे मागत आहेत, आम्ही तुमच्यासाठी लढतो आहोत, धीर धरा. आईनं ते चारदा वाचलं. मग मला विचारलं, "म्हणजे कोरीनला काढलं का?"

मी म्हटलं, "तिला कशाला काढतील? भांडण पैशांचं आहे."

"मी कुठं कोरीनचं विचारतेय?" ती खेकसली. "मी हवामानाचं विचारतेय."

तू तिकडे राहतोस, तुला हे रोज दिसत नाही. बाबा पुराच्या साली गेले, तेव्हा आपली कोरीन चोवीस तास कॅमेऱ्यासमोर उभी राहून कुठला पूल बंद आणि कुठलं गाव रिकामं करायचं ते सांगत होती, दफनालाही आली नाही. दफन झाल्यावर दोन दिवसांनी ती दारात आली. आईनं दार लावून घेतलं, ते नऊ वर्षं लावलेलंच आहे. नाव काढू देत नाही. पण त्या नऊ वर्षांत तिनं सहाच्या बातम्या एकदाही चुकवलेल्या नाहीत. धाकटी लेक तिला त्या अर्ध्या तासापुरती दिसते, तेवढीच.

चॅनेलांशी भाव ठरवायचं खातं तुझंच ना? मग सांग, कधी येणार परत? फोन करू नकोस. माझ्या कानांना आता त्यात नुसता भुंगा ऐकू येतो. लिही.

तुझी,
आर्डिस


कॅन्सस सिटी
९ जानेवारी

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र आलं की मला अजून शाळेच्या ग्रंथालयातून दंडाची नोटीस आल्यासारखं वाटतं. निवृत्त झालीस तरी अक्षर तेच.

काळजी करू नकोस. चॅनेल अकरा आता तुमच्या शहरातल्या माणसांचं राहिलेलं नाही. दूरच्या एका बड्या कंपनीनं घेतलंय, तिच्याकडे अशी साठ चॅनेलं आहेत. दर घरामागं महिन्याला आम्ही त्यांना एक डॉलर साठ सेंट देत होतो. करार एकतीस डिसेंबरला संपला, आणि आता त्यांना दोन चाळीस पाहिजेत. दिले तर लोकांच्या बिलात चढणार, नाही दिले तर ते चॅनेल काढून घेणार. ते म्हणतात आम्ही बंद केलं, आम्ही म्हणतो त्यांनी काढून घेतलं. आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतो.

दहा दिवसांत मिटेल. फुटबॉलचे मोठे सामने तोंडावर आले की लोक बोंब मारायला लागतात आणि मग कुणीतरी वाकतं. दरवर्षी कुठं ना कुठं हेच.

आई सहाला नेमकं काय करते गं? नऊ वर्षं ऐकतोय की ती "हवामान बघते". इथं दिवसभर माझ्यासमोर नुसते आकडे असतात. तिचं काही सविस्तर लिही. घरचं वाचलं की बरं वाटतं.

तुझा,
व्हर्लिन


ब्रेकन
१६ जानेवारी

प्रिय व्हर्लिन,

विचारलंस म्हणून सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव.

पावणेसहाला ती हातातलं काम टाकून उठते. केस ओले करून विंचरते, मागे चाप लावते. तिचा तो निळा स्वेटर घालते, चर्चला जाताना घालते तो. खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर ओढते आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसते, फोटो काढून घ्यायला बसावं तशी. जणू कोरीनलाही ती दिसते आहे. मी तेव्हा भांडी घासत असते, तिच्याकडे पाठ करून. पण बाहेर अंधार पडलेला असतो, त्यामुळे मोरीवरच्या खिडकीत सगळी खोली दिसते. शेवटी कोरीन "उद्या भेटू" म्हणते. आई ओठातल्या ओठात उत्तर देते. मला ऐकू येत नसलं तरी ओठ वाचता येतात. "हो. जप गं," असं म्हणते ती. रोज. तिला वाटतं मला माहीत नाही.

आता पंधरा दिवस ती पावणेसहाला उठते, केस विंचरते आणि तुमच्या निळ्या पडद्यासमोर अर्धा तास बसते.

शेजारचा लाइल छपरावर चढून अँटेना लावून गेला. आपलं घर खोऱ्याच्या तळाशी, त्यात नुसत्या मुंग्या दिसतात. केबल नऊ मैलांवर येऊन थांबली आहे. दुसरी डिशवाली कंपनी आठवड्याभरात जोडून देते म्हणाली, पण आपली जोडणी तुझ्या नावावर, कर्मचाऱ्यांच्या सवलतीतली. तू बंद करून दिल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. तेवढं करून टाक.

आणि एक मला समजावून सांग. आईला दोनशे दहा चॅनेलं दिसतात. मासे पकडायची तीन, दागिने विकायची पाच. ती सगळी घ्या परत आणि एक द्या. त्या एकाचे दोन चाळीस काय, मी दहा डॉलर देते. असं का नाही करता येत?

आर्डिस


कॅन्सस सिटी
२४ जानेवारी

प्रिय आर्डिस,

लोकांना एकेक चॅनेल निवडून घेता आलं असतं, तर मी आज तुमच्या शेजारी शेतात बीट काढत असतो. चॅनेलवाले आम्हाला सांगतात, हे एक हवं तर ही चार नकोशी पण घ्या. आम्ही तेच तुम्हाला सांगतो. मासेवाली तीन चॅनेलं कुणालाच नको असतात, पण त्यांच्यावरच सगळ्यांचं पोट चालतं.

जोडणी बंद करता येणार नाही. विचार कर, भाव ठरवणाऱ्या माणसाची आईच ऐन भांडणात दुसऱ्या कंपनीकडे गेली, हे बाहेर फुटलं तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?

आमचा हिशोबही सांगतो, रागावू नकोस. तुमच्या भागात आमची साडेनऊ हजार घरं आहेत. भांडण तीन महिने चाललं तरी सातशेच सोडून जातील असा अंदाज होता. वयस्कर माणसं तक्रार करतात, पण जात नाहीत. म्हणून आम्हाला घाई नव्हती.

नव्हती म्हणतोय, कारण सोमवारी कोरीननं काय केलं ते तुम्हाला दिसलं नसणार. बातम्या संपवताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माझी शहाऐंशी वर्षांची आई रोज मला बघते. प्रेअरीव्ह्यूनं तिला माझ्यापासून तोडलंय. तुम्हाला निवड आहे, कंपनी बदला." दोन दिवसांत चारशे घरं गेली! वरची मंडळी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "ही तुझी बहीण ना?" म्हणाली.

नऊ वर्षांत हिला आई आठवली नाही, आणि आता बरी आठवली. मलाही काहीतरी करावं लागणार.

व्हर्लिन


ब्रेकन
५ फेब्रुवारी

व्हर्लिन,

गुरुवारी पडद्यावरचा मजकूर बदलला. मी तो उतरवून घेतला आहे. तुला पाठ असेलच, तरी वाच.

"चॅनेल अकरावरच्या बाई आईच्या नावानं अश्रू ढाळतात. त्यांची आई रोज संध्याकाळी केस विंचरून, निळा स्वेटर घालून, ताठ बसून लेकीची वाट बघते. नऊ वर्षांत या बाई एकदाही आईच्या घरात गेलेल्या नाहीत. सांगा, आईला लेकीपासून कुणी तोडलं?"

आई तेव्हा केस विंचरून, तो स्वेटर घालून, ताठ बसली होती.

तिनं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग स्वतःच्या बाहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा तर हिरवा आहे."

हिरवाच आहे, व्हर्लिन. तुला लिहिताना मी चुकले होते. साडेनऊ हजार घरांत माझी चूक जशीच्या तशी झळकते आहे.

"तू कुणाला सांगितलंस?" तिनं मला विचारलं. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, मला ओठ नीट दिसावेत म्हणून.

"व्हर्लिनला."

"त्यानं विचारलं होतं?"

"हो."

ती हसली. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. मग म्हणाली, "दार मी लावलं होतं. ते का नाही लिहिलं त्यानं? ती आली होती. तासभर पायरीवर उभी होती."

रविवारी चर्चमध्ये गेलो. प्रार्थना संपल्यावर तळघरात कॉफी असते, तिथं सगळ्या बायका आमच्याकडे वळल्या. बर्नीस आईच्या केसांकडे बघत होती, मग स्वेटरकडे बघायला लागली. "छान दिसतेस हो, बोरघिल्ड," म्हणाली. आईनं कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला आणि डोक्याला रुमाल बांधला. घरी आल्यावरही सोडला नाही. आता घरातही रुमाल बांधूनच वावरते.

तो मजकूर काढ. आजच्या आज.

आर्डिस


कॅन्सस सिटी
९ फेब्रुवारी

आर्डिस,

ती वाक्यं मी लिहिलेली नाहीत. मी बैठकीत बोलता बोलता सांगितलं, आणि जाहिरातवाल्यांनी उचललं. आईचं नाव कुठं आहे त्यात? गावाचंही नाही. कुणाला कळणार?

आणि स्वेटरचा रंग सोडला तर त्यात खोटं काय आहे? कोरीननं आधी सुरुवात केली. तिनं आईला पडद्यावर आणलं, मी नाही.

मजकूर काढता येणार नाही. सोडून जाणाऱ्यांचा आकडा निम्म्यावर आलाय. साठही चॅनेलांचा करार यात अडकलाय, एकट्या तुमच्या खोऱ्याचा प्रश्न नाही. आईला म्हणावं, तिच्यामुळे माझी नोकरी टिकली. तिला बरं वाटेल.

व्हर्लिन


ब्रेकन
१९ फेब्रुवारी

व्हर्लिन,

तुझा निरोप मी आईला दिला नाही. कसा देणार होते?

गेल्या बुधवारी तिनं मला सांगितलं, "उद्या गाडी काढ. शहरात जायचंय, कोरीनकडे." मी म्हटलं, नव्वद मैल, उणे वीस तापमान, आणि तुझे गुडघे. ती म्हणाली, "मला तिला सांगायचंय की हे मी कुणाला बोललेले नाही. आणि दार मी लावलं, ती यायला तयार होती, तेही सांगायचंय. मी मेल्यावर कोण सांगणार?"

गुरुवारी निघालो. चॅनेलच्या दाराशी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. पुढच्या टेबलावरच्या पोरीला मी सांगितलं, कोरीनची आई आली आहे. ती आत पळाली. कोरीनच्या आधी एक माणूस बाहेर आला, त्यांचा मुख्य, आणि त्याच्या मागे कॅमेरा घेऊन दुसरा.

मग कोरीन आली. जवळून ती म्हातारी दिसते, व्हर्लिन. पडद्यावर कळत नाही. तिच्या तोंडाला रंग होता, तो कपड्यांना लागू नये म्हणून गळ्याभोवती कागद खोचलेला होता. आई खुर्चीतून उठायला लागली, तशी कोरीन धावली आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली. आई तिच्या कानाशी बोलत होती. मला ओठ दिसत होते. "दार मी लावलं. तुझी चूक नव्हती. मी लावलं." तीनदा म्हणाली. कोरीन खरंच रडत होती, याबद्दल मला शंका नाही.

तेवढ्यात तो मुख्य कोरीनच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. त्याची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मला कळलं नाही. कोरीननं मान हलवली, नाही म्हणाली. तो पुन्हा बोलला. मग कोरीननं गळ्यातला कागद काढला, आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आई, दिवे नीट लागले नव्हते. एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत येशील? एकदाच. माझ्यासाठी."

आईला आधी कळलंच नाही. "कुठं बाहेर?"

"दाराबाहेर. तू आत येतेस आणि मी धावत येते. आणि आई, ते दाराचं नको बोलूस. लोकांचा गोंधळ होईल."

मी मधे पडले. मी म्हटलं, हिला लाज कशी वाटत नाही. आईनं मला हातानं थांबवलं. ती बाहेर गेली. तिथं वारा असा होता की माझ्या डोळ्यांतलं पाणी गोठत होतं. काचेच्या दाराबाहेर ती काठी टेकून उभी राहिली, आतून खूण होईपर्यंत. तिचा रुमाल त्यांनी काढून ठेवायला सांगितला होता, चेहरा दिसावा म्हणून. चार मिनिटं उभी होती. मग खूण झाली, ती आत आली, कोरीन धावली, मिठी मारली. या खेपेला आईचे ओठ हलले नाहीत. आणि कोरीन आईच्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ते दाखवलं. आपल्याकडे अर्थात दिसलं नाही. लाइलच्या बायकोनं तिच्या बहिणीच्या घरी जाऊन पाहिलं. ती म्हणाली, सगळे ओक्साबोक्शी रडले.

आईला तेव्हापासून खोकला आहे.

आर्डिस


कॅन्सस सिटी
२ मार्च

प्रिय आर्डिस,

मिटलं! बुधवारी सकाळी सह्या झाल्या. एक अठ्ठ्याण्णव, तीन वर्षांसाठी, साठही चॅनेलं. कोरीनच्या त्या चित्रफितीनं आमची बाराशे घरं नेली, तेव्हा दोन्हीकडच्यांनी ठरवलं, पुरे झालं. एप्रिलपासून सगळ्यांच्या बिलात चाळीस सेंट चढतील, पण तेवढं कोण बघतं! माझ्या कामाची दखल घेतली गेली. पुढच्या महिन्यापासून खात्याचा प्रमुख मी.

कोरीनशीही फोनवर बोललो. दोघं हसलो शेवटी. ती म्हणाली, "धंदा आहे, व्हर्लिन, मनावर घेऊ नकोस." मोठ्या मनाची आहे. आम्ही दोघांनी मिळून ईस्टरला घरी यायचं ठरवलंय. आईसाठी मोठा टीव्ही घेऊन येतो, भिंतीएवढा. आईला नीट दिसेल. नऊ वर्षांनी आपण सगळे एका टेबलाशी बसू. बघ, भांडणातून काहीतरी चांगलं निघालंच ना?

आईचा खोकला कसा आहे? बटाट्याच्या पोळ्या, आपल्या लेफ्सा, करून ठेव.

तुझा,
व्हर्लिन


ब्रेकन
१२ मार्च

व्हर्लिन,

ईस्टरला येऊ नका. का, ते सांगते.

चॅनेल परत आलं त्या संध्याकाळी मीच सहाला टीव्ही लावला. आई अंथरुणात होती, खोकला छातीत उतरला होता. मी तिला उठवून बसवलं. कोरीन दिसली, करड्या कोटात. आईनं क्षणभर पाहिलं आणि मला विचारलं, "ही बाई कोण?"

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. मी म्हटलं, "आई, कोरीन." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. बंद कर." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आठ दिवसांत ताप उतरला. शनिवारी तिनं मला पाद्रीबाईंना बोलवायला लावलं, आणि माझ्यासमोर, पण माझ्याशी नाही, त्यांना सांगितलं की शहरापलीकडच्या वृद्धाश्रमात जागा आहे का ते बघा. मी गुडघ्यावर बसून तिला म्हटलं, "आई, मी तुला सांभाळते आहे ना? माझी चूक झाली. एकदा लिहिलं, पुन्हा नाही लिहिणार." तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, माफ केलं. ती म्हणाली, "तू खिडकीत बघत होतीस. नऊ वर्षं. मला वाटायचं, या घरात मला कुणी बघत नाही."

आज सकाळी मी तिला तिथं सोडून आले. स्वेटर नेला नाही. खोली छोटी आहे, खिडकी गाड्यांच्या तळाकडे उघडते. टीव्ही मोठ्या दालनात एकच आहे, आणि काय लावायचं ते तिथल्या परिचारिका ठरवतात. आई म्हणाली, हे चांगलं आहे.

प्रवेशाचा अर्ज भरायला बसलो. तिथल्या बाई विचारत होत्या, आई सांगत होती, मी लिहीत होते. नाव, जन्मतारीख, औषधं, चर्च. मग त्यांनी विचारलं, "जवळचे नातेवाईक? काही झालं तर कुणाला कळवायचं?" मी माझं नाव लिहायला घेतलं. आईनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं, अर्ज स्वतःकडे ओढला आणि त्या रकान्यात आपल्या हातानं, नीट अक्षरात लिहिलं: कुणी नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि आपण कोण?"

आई म्हणाली, "ही गाडी घेऊन आली होती."

आर्डिस